पाय पुरतात का? : कमी उंचीच्या बाईकवाल्यांचे अनुभव

४ फूट ११ इंच, पुणे

पहिली बाईक बघायला गेले तेव्हा सेल्समनने माझ्याकडे न बघता मागे उभ्या असलेल्या भावाला विचारलं, "मॅडमसाठी स्कूटर दाखवू का?" भाऊ म्हणाला, "त्यांनाच विचारा, पैसे त्यांचे आहेत." त्याला सात वर्षं झाली. तेवढ्यात मी बाईक घेतली, पाडली, उचलली, विकली, दुसरी घेतली. तेव्हा विचारायला कोणी नव्हतं, म्हणून हा धागा.

नाव नको, उंची आणि गाव लिहा. "जिद्द असली की सगळं जमतं" छापाचं कृपया नको. सीट किती कापली, कुठे पडलात, काय बदललं आणि काय उगाच बदललं, ते लिहा. माझ्यापासून सुरुवात करते.

मला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: बजाजची ॲव्हेंजर घे. सीट जमिनीपासून ७३७ मिमी. तुलनेला, स्प्लेंडरची ७८५ आणि रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ची ८०५. शोरूममध्ये दोन्ही तळवे सपाट टेकले आणि मी तिथेच हरखले. घरी आणल्यावर कळलं की पाय जमिनीला पुरतात, फूटरेस्टला पुरत नाहीत. अशा क्रूझरची (बुटक्या, लांब बाईकची) फूटरेस्ट पुढे असतात, त्यामुळे ब्रेकपर्यंत पोचायला मी सीटवरून पुढे घसरायचे. त्याहून वाईट हातांचं. यू-टर्नला हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की डावी मूठ लांब जायची, क्लच बोटांतून सुटायचा, गाडी गचका खाऊन बंद. दोनदा तिथेच आडवी झाले, आणि दोन्ही वेळा पाय व्यवस्थित जमिनीवर होते!

इलाज अगदीच साधा निघाला. मेकॅनिकने हँडलचे क्लॅम्प ढिले केले, हँडल माझ्याकडे फिरवलं, पुन्हा आवळलं. दीड इंच फुकटात मिळाला. (असं केल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, एखादी केबल ताणली जातेय का.) शिवाय नाना पेठेतल्या एका सीटवाल्याकडून कमरेमागे फोमचा उंचवटा करून घेतला, म्हणजे आपोआप पुढे बसले जाते. तरी दोन वर्षांनी ती विकलीच.

आणि हो, उंची सांगू नका, पाय मोजा. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, जाड पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. माझी मैत्रीण माझ्याच उंचीची आहे, पण तिचे पाय माझ्यापेक्षा पाच सेंटीमीटरने लांब. ती जी गाडी आरामात चालवते तिच्यावर मी लटकते.

५ फूट १ इंच, सांगली

बायकांना "स्कूटर घ्या" सांगतात. पुरुषाला कोणी काही सांगत नाही, नुसतं हसतात. त्यामुळे मी चूक केली ती हट्टापायी केली. क्लासिक ३५०, वजन १९५ किलो, माझं ५४.

मिरजेजवळ एका पंपावर रांगेत थांबलो. सवयीने दोन्ही पाय खाली, दोन्ही चवड्यांवर. उजव्या चवड्याखाली ऑईल सांडलेलं. पाय निघाला तो निघालाच. गाडी हळूहळू, अगदी सावकाश उजवीकडे गेली आणि मी तिला धरून तिच्याबरोबर गेलो. पंपावरची दोन पोरं धावली. एक जण म्हणाला, "काका, झेपंल तेवढीच घ्यावी." वय एकतीस होतं हो माझं.

मग एका जुन्या मिलिटरीवाल्या शेजाऱ्यांनी महिनाभर रोज सकाळी शिकवलं. पहिली गोष्ट: दोन्ही पाय टेकायचा नाद सोडायचा. थांबताना बूड डावीकडे सरकवायचं, अर्धी मांडी सीटबाहेर, डावा तळवा टाचेसकट सपाट. उजवा पाय ब्रेकवरच. दोन चवड्यांपेक्षा एक टाच भारी. दुसरी गोष्ट: बसायची पद्धत. साईड स्टँडवर गाडी असताना डावा पाय फूटरेस्टवर ठेवून घोड्यावर बसतात तसं चढायचं. मात्र स्टँडखालची जमीन कडक आहे का ते आधी बघायचं, डांबर उन्हात मऊ झालं असेल तर हा प्रयोग करू नये. तिसरी, पडलेली उचलायची. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साईड स्टँड बाहेर काढून ठेवायचं, गियर टाकायचा, हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचं, सीटला पाठ लावून खाली बसायचं आणि मागे मागे चालत पायांनी रेटायचं. पाठीने ओढायचं नाही.

गाडी अजून तीच आहे. सीट, शॉकअप (चाकावरची धक्के झेलणारी स्प्रिंग) काही बदललेलं नाही. पंपावर मात्र आजही आधी जमीन बघतो, मग मीटरवरचा शून्य.

५ फूट ९ इंच, कोल्हापूर

धाग्यात बसत नाही माझी उंची, पण धंदा सीटचा आहे म्हणून लिहितो. उद्यमनगरात वडिलांपासून दुकान आहे.

लोक येतात आणि म्हणतात, "दोन इंच कमी करा." मी आधी सीटला हात लावत नाही, शॉकअप बघतो. कंपनीतून येताना तो मधल्या खाचेवर असतो, कधी मालकाने कुणाच्या सांगण्यावरून कडक केलेला असतो. पंचेचाळीस किलोचा माणूस बसला तर तसा शॉकअप जागचा हलत पण नाही. ऐंशी किलोवाला बसला की गाडी दबते, तुम्ही बसला की दबत नाही, म्हणजे बुटक्या माणसाला तीच गाडी जास्त उंच पडते. टूलकिटमधल्या हुकासारख्या पान्याने शॉकअप सगळ्यात मऊ खाचेवर आणायचा, मग बसून बघायचं. दहातले दोन-तीन गिऱ्हाईक इथूनच परत जातात. माझा धंदा जातो, पण चालायचंच.

आता सीट. उंचीपेक्षा रुंदी नडते लोकांना. मांड्या बाहेर फाकल्या की पाय तिरका जातो आणि तिथंच इंच-दीड इंच जातो. म्हणून टाकीजवळचा भाग, जिथं मांडीची आतली बाजू घासते, तिथून फोम उतरवायचा. खालच्या पिना काढून रेक्झिन सोलायचं, गिऱ्हाइकाला नुसत्या फोमवर बसवायचं, मांडी कुठं लागते तिथं खडूनं रेघ मारायची. ब्लेडनं कापायचं, ग्राइंडरनं घासून गोल करायचं, वर अर्ध्या इंचाचा मऊ थर चिकटवायचा, परत रेक्झिन ताणायचं. वरून एक इंचाच्या पुढं मी कापत नाही. एकानं लै हट्ट केला म्हणून दोन इंच कापली, निपाणीला जाऊन येईपर्यंत बुडाला पत्रा लागला, दुसऱ्या दिवशी दारात हजर.

एक विनंती, ओरिजिनल सीट कापू नका. जुनी सीट घेऊन या, तिला कापू. गाडी विकताना मूळची लावता येते.

५ फूट २ इंच, ठाणे

माझं "काय उगाच बदललं" मध्ये मोडतं.

मित्राच्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने मागचे शॉकअप काढून आखूड बसवून दिले. पुढचं तसंच. संध्याकाळी घरी आणली, पाय छान टेकले, आनंद. रात्री सोसायटीत साईड स्टँडवर लावली. सकाळी वॉचमन सांगायला आला की तुमची गाडी शेजारच्या कारवर झोपली आहे. गाडी खाली आली, स्टँड मात्र होता तेवढाच लांब, त्यामुळे ती डावीकडे कलायच्या ऐवजी जवळजवळ सरळ उभी राहत होती. कुणीतरी जाता जाता धक्का दिला असेल, गेली उजवीकडे. स्टँड कापून वेल्ड करून घेतला. मग मेन स्टँडवर चढेना, कारण मागचं चाक उचलायला जास्त जोर लागायला लागला. मग स्पीडब्रेकरला पोट घासायला लागलं. मग हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यांत, कारण शेपूट खाली म्हणजे नाक वर. वळणावर गाडी आळशी झाल्यासारखी वाटायची ती वेगळीच.

गाडी खाली करायचीच असेल तर पुढून-मागून सारखी करा आणि स्टँडचं त्याच दिवशी बघा. मी चार महिन्यांनी सगळं मूळपदावर आणलं आणि जाड सोलचे बूट शिवून घेतले. गाडीऐवजी स्वतःलाच पाऊण इंच उंच केलं!

४ फूट १० इंच, नागपूर

आरटीओत सगळे मला घाबरवत होते, "आठ कशी काढशील?" मी म्हटलं, अरे भाऊ, आठ काढताना पाय टेकायचाच नसतो! तिथे उंच माणसांचंच जास्त वाकडं होतं, कारण जरा डगमगलं की पाय खाली जातो त्यांचा. मला ती सोयच नाही, म्हणून तोलच शिकले. हाफ क्लच, मागचा ब्रेक हलका दाबलेला, नजर चाकावर नाही तर पुढच्या वळणावर. पहिल्या फटक्यात पास.

खरा त्रास रस्त्याचा. आपल्याकडे सिमेंट रस्त्याची कड बाजूच्या मातीपेक्षा चांगली चार बोटं वर असते. सिग्नलला डावीकडे कडेला थांबलं की डावा पाय खाली जातच राहतो, जातच राहतो, माती काही येत नाही. डांबरी रस्तासुद्धा मधे उंच आणि कडेला उतरता असतो, म्हणजे आपण सगळे ज्या बाजूला पाय टेकतो तीच बाजू खोल. म्हणून मी कडेपासून दोन हात आत थांबते. दुभाजकाजवळ जागा मिळाली तर सोनंच, उजवा पाय सरळ त्याच्यावर. मागचे हॉर्न मारतात. मारू द्या.

५ फूट, रेडिंग, इंग्लंड

मूळची साताऱ्याची. इथे लायसन्सच्या टेस्टचा पहिला भाग मोकळ्या मैदानात होतो आणि त्यात सगळ्यात आधी इंजिन बंद ठेवून गाडी एका खाचेतून मागे काढून शेजारच्या खाचेत ढकलत न्यायची असते. माझी भीती तीच होती. तिथे इन्स्ट्रक्टरने एक गोष्ट शिकवली ती साताऱ्यात कुणीच सांगितली नव्हती: गाडी हातांनी धरायची नाही, कंबर टाकीला टेकवून कंबरेवर घ्यायची. एका बाजूचा भार शरीरावर आला की दुसऱ्या बाजूला ती पडतच नाही. पुढे साडेसात मीटर रुंदीत यू-टर्न, तोही पाय न टेकता. नागपूरकर म्हणतात तसंच, तिथे बुटक्यांचं काही बिघडत नाही.

आता होंडा रिबेल ५०० चालवते, सीट ६९० मिमी. इथे तिच्यावर पाच फुटांच्या बायकाही दिसतात आणि सहा फुटांचे आजोबाही. भारतात आले की भावाची बाईक घेऊन कासला जाते आणि पार्किंगमध्ये नाक उताराच्या दिशेने कधीच लावत नाही. उलटी ढकलत वर आणायला मागून कोण येणार?

५ फूट ३ इंच, नाशिक

बाईक-रेसर दानी पेद्रोसाचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? जेमतेम १६० सेंमी, आणि मोटोजीपीच्या वरच्या वर्गात ३१ शर्यती जिंकला. त्याची अडचण पाय टेकायची नव्हतीच, वजनाची होती. हलक्या माणसाखाली टायर पुरेसा तापत नाही. वर कोल्हापूरकरांनी शॉकअपबद्दल लिहिलंय ते वाचून तेच आठवलं. (त्या वर्गातलं विश्वविजेतेपद मात्र तीनदा एका पायरीने हुकलं. पायरी उंच असावी. मी गप्प बसतो.)

४ फूट १० इंच, लांजा

मी आरोग्यखात्यात आहे, वाड्यावाड्यांवर जावं लागतं. आधी स्कूटर होती. पाय पुरायचे, पण दहा-बारा इंची चाकं, पावसाळ्यात जांभ्याच्या वाटेवर प्रत्येक धोंडा कमरेत जाणवायचा. शेवटी स्प्लेंडर घेतली. ११२ किलो, अठरा इंची चाकं, सीट अरुंद. कागदावर स्कूटरपेक्षा उंच आहे, पण फरक पडतो तो फक्त थांबताना, आणि मी दिवसातून वीसदा थांबते, हजारदा खड्ड्यातून जाते.

किक मारताना गाडीवर बसून मला जोर येत नाही. मेन स्टँडवर लावते, बाजूला उभी राहून मारते, न्यूट्रलची हिरवी लाईट दोनदा बघते. चढावर गाडी मागे घ्यायची असेल तर सरळ उतरते. बसल्या बसल्या चवड्यांनी वल्हं मारत बसत नाही, तसंच एकदा गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकले होते.

मागे कुणाला बसवायचं तर आधी मी पाय नीट रोवते, "बसा" म्हणते, मगच त्यांनी बसायचं. एकदा एक आजी न सांगता बसल्या आणि आम्ही दोघी मिळून भातात. त्यांना काही लागलं नाही, पण गावात अजून सांगतात, "बाईंनी मला लावणीला नेलं."

४ फूट ९ इंच, जालना

सगळं वाचलं. उद्या पहिल्यांदा टेस्ट राईडला चालले आहे, ७८५ ची एक आणि ७९० ची एक. पायात काय घालून जाऊ?

४ फूट ११ इंच, पुणे

जे रोज घालून चालवणार आहेस तेच.

४ फूट ९ इंच, जालना

मग कोल्हापुरी आल्या.

४ फूट ११ इंच, पुणे

मग आज बुटांच्या दुकानात जा. गाडी परवा बघ.