रानभाजी महोत्सवातले शाकाहारी आणि व्हीगन पदार्थ : सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

अ-४०२ : नमस्कार मंडळी. रविवारी आम्ही घरचे पाचही जण रानभाजी महोत्सवाला जाऊन आलो. आमची सूनबाई दीड वर्षापासून व्हीगन आहे, म्हणजे दूध, दही, तूप आणि मधसुद्धा ती घेत नाही, त्यामुळे आजवरच्या प्रत्येक खाद्यमहोत्सवात तिला भेळ आणि लिंबू सरबत यांवरच भागवावे लागले. या वेळी मात्र तिचे ताट आमच्यापेक्षा भरलेले होते. ओले खोबरे घातलेला टाकळा, करटोल्यांच्या कुरकुरीत काचऱ्या, हरभऱ्याची डाळ घालून केलेली भारंगी, फोडशीची भजी आणि नाचणीची भाकरी हे सारे तेलावरचेच होते. भारंगी पहिल्या घासाला कडू लागते, पण डाळीबरोबर तो कडूपणा मागे सरतो आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यावीशी वाटते. पाने उकळून पहिले पाणी टाकून द्यायचे, असे ती भाजी करणाऱ्या मावशींनी सांगितले.

ब-२०३ : काका, शेवळे मिळाली का? माझ्या सासूबाई काकडाची आंबट फळे घालून शेवळे करतात. काकडे नसली तर चिंच घालावी लागते, नाहीतर घशाला खाज सुटते.

अ-४०२ : नाही वहिनी. शेवळे पहिल्या पावसाबरोबर येतात आणि लगेच संपतात, तर हे महोत्सव बहुतेक ठिकाणी ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास भरतात. शेवळांसाठी जूनमध्येच बाजार गाठावा लागेल.

क-१०१ : माहितीबद्दल आभार, परंतु एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. रानभाजी म्हणजे शाकाहारी असे आपण गृहीत धरतो, ते बरोबर नाही. कोकणात टाकळ्यात सुकट घालण्याची पद्धत जुनी आहे आणि शेवळांत कोलंबी किंवा खिमा घालणारी घरेही पुष्कळ आहेत. आम्ही श्रावण पाळतो. त्याच महोत्सवात एका स्टॉलवर मी टाकळ्याची वाटी उचलली आणि तोंडाजवळ नेल्यावर वासावरून सुकट ओळखली. चूक त्या ताईंची नव्हती. मी विचारलेच नव्हते, आणि त्यांच्या दृष्टीने ती भाजी तशीच करायची असते.

अ-४०२ : अगदी योग्य मुद्दा. सूनबाईने प्रत्येक ठिकाणी आधी विचारले म्हणूनच निभावले. त्यातही "व्हीगन आहे का" असे विचारून काही उपयोग झाला नाही. "फोडणी कशाची, लाडू तुपात वळले का, आंबिलात ताक आहे का" असे सुटे प्रश्न विचारल्यावर उत्तरे नेमकी मिळाली. आंबिलात ताक निघाले, नाचणीच्या लाडवात तूप निघाले, मोहाच्या फुलांचे लाडू मात्र तीळ, शेंगदाणे आणि गूळ एवढ्यावरच वळलेले होते. मला स्वतःला तेच सर्वांत आवडले. मोहाचा तो दमट, मनुकेसारखा गोडवा साखरेला नाही.

ड-५०१ : वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून घेतले तर चालत नाही का?

क-१०१ : हिरवा ठिपका शाकाहारासाठी आहे, त्यात दूध आणि मध दोन्ही चालतात. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनुसार वेगळे चिन्ह आहे, पण स्टॉलवरच्या गरम भाजीला वेष्टन कुठले? तिथे विचारणे हाच एक उपाय.

ब-२०३ : आमच्या मुलांनी येताना रस्त्याकडेचा टाकळा ओळखला आणि आता तो खुडून आणायचा हट्ट धरला आहे.

अ-४०२ : वहिनी, कृपया आणू देऊ नका. टाकळ्याचे पान टोकाशी गोल असते, त्याच्यासारखाच दिसणारा कासविंदा टोकदार पानांचा असतो आणि त्याच्या बिया खाऊन लहान मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी उत्तर प्रदेशात आहेत. शिवाय रस्त्याकडेच्या पानांवर गाड्यांचा धूर बसतो तो वेगळाच. भाजी ओळखणाऱ्या बायकांकडूनच घ्यावी.

सचिव : चर्चा उपयुक्त झाली. भारंगी आणि फोडशी करणाऱ्या मावशी पुढच्या रविवारी सोसायटीच्या सभागृहात येऊन जेवण करून देण्यास तयार आहेत, त्यासाठी किमान ३० पाने लागतील. सर्व भाज्या तेलावर होतील. तूप आणि ताक वेगळ्या टेबलावर ठेवू, म्हणजे ज्यांना हवे ते घेतील. सुकट घातलेला टाकळा हवा असणाऱ्यांचीही दोन घरांतून मागणी आली आहे. श्रावण असल्याने तो या वेळी नको, असे माझे मत आहे. गुरुवारपर्यंत घर क्रमांक आणि पानांची संख्या कळवावी.

क-१०१ : आमची दोन पाने. भजीचा झारा आणि कढई मात्र वेगळी असावी, ही विनंती.