'इंट्रोड्यूस्ड' शिंपल्याला मराठीत काय म्हणावे?

विचारणा (वडोदरा)

सप्रेम नमस्कार. येथील मराठी वाचकांच्या त्रैमासिकासाठी मी 'मनिला क्लॅम' या खाद्य शिंपल्यावर लेख लिहीत आहे. मूळचा जपान, कोरिया, चीन, फिलिपाइन्स या भागांतला हा प्राणी आता युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यांवरही आढळतो. त्यासाठी इंग्रजीत 'इंट्रोड्यूस्ड स्पीशीज' म्हणतात. मी तूर्त 'आक्रमक परकीय प्रजाती' असे लिहिले आहे, पण ते मनाला पटत नाही. शिवाय 'क्लॅम'ला शिंपला म्हणावे, कालव म्हणावे की तिसरी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

आपली शंका रास्त आहे. आधी 'प्रजाती'विषयी. मराठी शास्त्रीय लेखनात 'स्पीशीज'साठी 'जाती' आणि तिच्या वरच्या गटासाठी 'प्रजाती' असा संकेत आहे, म्हणून येथे 'जाती' लिहावे.

'इंट्रोड्यूस्ड' हा शब्द मात्र खरोखर अडचणीचा आहे, कारण मराठीत आपल्याला 'आणलेली' की 'आलेली' हे ठरवावेच लागते, आणि या शिंपल्याच्या बाबतीत दोन्ही घडले आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात तो १९३६ साली प्रथम आढळला. जपानहून कालवांचे बी (म्हणजे संवर्धनासाठीची लहान पिल्ले) मागवले जात असे, त्याबरोबर तो नकळत येऊन पोहोचला होता, म्हणजे तेथे तो 'आलेला' आहे. फ्रान्समध्ये १९७२ साली आणि व्हेनिसच्या खाजणात १९८३ साली मात्र लोकांनी तो संवर्धनासाठी मुद्दाम नेला, तेथे 'आणलेला' हाच शब्द योग्य. दोन्हींना मिळून एकच विशेषण हवे असेल तर मी 'आगंतुक' सुचवेन. तो कसा आला याविषयी हा शब्द काहीच गृहीत धरत नाही.

'आक्रमक' हा शब्द सरसकट वापरू नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. बाहेरून येणे, नव्या पाण्यात स्वतःहून प्रजनन करून टिकणे आणि मूळच्या जातीला हटवणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडमधील पूल बंदरात १९८० च्या दशकाच्या अखेरीस हा शिंपला आणला गेला, तेव्हा तेथील थंड पाण्यात त्याची वीण होणार नाही असा अंदाज होता, पण तो चुकला आणि प्राणी तेथे रुळला. पुढे शिंपले फोडून खाणाऱ्या किनारी पक्ष्यांना हिवाळ्यात त्याचा आधारच झाल्याचे अभ्यासकांना दिसले. अशा ठिकाणी 'रुळलेली आगंतुक जाती' म्हणणे न्याय्य आहे. व्हेनिसमध्ये मात्र तेथील मूळच्या भाऊबंद जातीची जागा याने मोठ्या प्रमाणावर घेतली, तेव्हा तेथे 'आक्रमक' चालेल. तरीही खाजणाचा तळ खरवडून काढणाऱ्या मासेमारीच्या अवजारांनी केलेले नुकसान या प्राण्याच्या माथी मारले जाऊ नये, इतकी काळजी वाक्यरचनेत घ्यावी.

या दोन जाती वरवर पाहता इतक्या सारख्या आहेत की नावांचाही घोळ झाला. इटलीत 'व्होंगोला वेराचे', म्हणजे 'अस्सल शिंपला', हे मूळच्या जातीचे नाव होते, आज बाजारात त्याच नावाने बहुतांशी आगंतुकच विकला जातो. फरक पाहायचा तर जिवंत प्राणी पाण्यात ठेवून त्याने नळ्या बाहेर काढण्याची वाट पाहावी. मूळच्या जातीत पाणी आत घेणारी आणि बाहेर टाकणारी या दोन नळ्या मुळापासून सुट्या असतात, तर आगंतुकात त्या बऱ्याच अंतरापर्यंत जोडलेल्या असून टोकाकडे फुटतात.

पुरवणी (दुसऱ्या सभासदाकडून)

वरील विवेचन मान्य. 'क्लॅम'बद्दल थोडे लिहितो. माझे आजोळ रत्नागिरीकडचे आहे, त्यामुळे माझा कौल 'तिसरी'ला आहे. 'शिंपला' म्हटले की वडोदऱ्यात तरी रिकामे कवच किंवा मोती डोळ्यांपुढे येतो. बडोदे संस्थानाने सागरी प्राण्यांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांच्याकडून ओखामंडळच्या किनाऱ्याची पाहणी करवून घेतली होती, तीतही मोत्यांच्या शिंपल्यांचा विचार होता. 'कालव' तर अजिबात नको. कालव खडकाला घट्ट चिकटून राहते, क्लॅम रेतीमिश्रित चिखलात पुरून घेतो, आणि कालवांच्या बियाण्यातून क्लॅम आला हे सांगताना दोघांना एकच शब्द वापरला तर वाक्याचा अर्थच लागणार नाही. कोकणात ज्यांना तिसऱ्या म्हणतात ते प्राणी आणि मनिला क्लॅम एकाच कुळातले आहेत, त्यामुळे 'मनिला तिसरी' हे नाव शास्त्रालाही धरून होईल.

मूळ विचारणाकर्त्याकडून

आपणा दोघांचा अत्यंत आभारी आहे. लेखातील वाक्य आता असे केले आहे: 'मनिला तिसरी ही पूल बंदरात आणलेली आणि पुढे तेथे रुळलेली आगंतुक जाती आहे; ब्रिटिश कोलंबियात ती कालवांच्या बियाण्याबरोबर आली.' व्हेनिसचा परिच्छेद स्वतंत्र ठेवला असून 'आक्रमक' हा शब्द केवळ तेथेच राहू दिला आहे.