चरखी दादरी १९९६: कंट्रोलरनं उंची बरोबर दिली होती, तरी विमान खाली आलंच कसं?

सातारी_७९:
बाबा तेव्हा दम्मामला कामाला होते. १२ नोव्हेंबर १९९६ ला संध्याकाळी दिल्लीहून निघालेलं सौदीचं जंबो आणि दिल्लीत उतरायला येणारं कझाकस्तानचं इल्युशिन हरियाणात चरखी दादरीच्या वर धडकलं, ३४९ माणसं होती दोन्हीत मिळून, एकही वाचलं नाही. जंबो दहरानला चाललेलं म्हणजे बाबांच्या शेजारीच, त्यांच्या कॅम्पातली दोघं सुट्टीवरून परत यायची होती आणि ती त्या विमानात नाहीत हे कळायला दोन दिवस गेले, आई अजून सांगते ते.
आता वाचलं की जंबोला १४,००० फुटांवर थांबवलेलं आणि इल्युशिनला १५,००० वर. समोरून जंबो येतंय हेपण सांगितलं होतं. मग? सगळे म्हणतात कझाक लोकांना इंग्रजी कळलं नाही. पण आकडा तो आकडाच ना, त्यात न कळण्यासारखं काय आहे?

रडारवाले_काका:
एटीसीत, म्हणजे विमानांना रेडिओवरून वाट आणि उंची देणाऱ्या कंट्रोलरांत, नोकरी झाली माझी, आता रिटायर आहे. त्या दिवशी मी दिल्लीत नव्हतो, पण तो तपास आमच्यातल्या प्रत्येकानं वाचलाय.
बाळा, आकडा ऐकला कोणी ते आधी बघ. त्या इल्युशिनमध्ये रेडिओवर बोलायला वेगळा माणूस असायचा, रेडिओ ऑपरेटर. इंग्रजी तो बोलणार, विमान पायलट चालवणार. आणि त्या ऑपरेटरसमोर उंचीचा स्वतःचा काटाच नाही, पायलटच्या खांद्यावरून वाकून बघायचं. म्हणजे कंट्रोलरनं सांगितलं ते एकाच्या कानात गेलं आणि दांडा दुसऱ्याच्या हातात. त्यात त्यांना घरी उंची मीटरमध्ये मोजायची सवय, इथे फुटात.
कंट्रोलर शेवटी म्हणाला की ट्रॅफिक तेरा मैलांवर, लेव्हल १४०, म्हणजे १४,००० फूट. ही जंबोची उंची होती. मला नेहमी वाटत आलंय की तो १४० कुणाच्या तरी डोक्यात आपलीच उंची म्हणून बसला असेल, पण हे माझं मत हं, सिद्ध काही नाही. शेवटच्या काही सेकंदांत ऑपरेटरच्याच लक्षात आलं की आपण १५० वर राहायचं होतं, तो ओरडला, पायलटनं जोर लावून विमान वर घेतलं आणि शेपटी जंबोच्या डाव्या पंखात गेली. खाली जात राहिले असते तर कदाचित जंबोच्या पोटाखालून निघून गेले असते. हे वाचताना अजून पोटात कालवतं.
चौकशी करणाऱ्या लाहोटी कमिशननं दोष कझाक क्रूवर ठेवला, दिलेली उंची सोडून ते खाली आले म्हणून, ते बरोबरच आहे. पण तेव्हा दिल्लीला विमानं यायला-जायला एकच वाट होती कारण बाकीचं आकाश हवाई दलाकडे, आणि कंट्रोलरच्या रडारवर विमानाचा ठिपका दिसायचा, उंची दिसत नसे. पायलट सांगेल ती उंची खरी. यायच्या-जायच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार आलं, विमानात टीकॅस, म्हणजे दुसरं विमान जवळ आलं की पायलटला सावध करणारं यंत्र, सक्तीचं झालं, ते सगळं यानंतर.

वसईची_अनघा:
काकांनी लिहिलंय तसंच एव्हियांका कंपनीच्या फ्लाइट ५२ चं झालं होतं, कान एकाचा आणि हात दुसऱ्याचा. जानेवारी १९९०, कोलंबियातून न्यूयॉर्कला जाणारं बोइंग ७०७, खराब हवेमुळे तासाभराहून जास्त वर घिरट्या घालायला लावल्या आणि इंधन संपत आलं. कॅप्टनला इंग्रजी जेमतेम, तो कोपायलटला सांगतोय की त्यांना सांग इमर्जन्सी आहे. कोपायलट रेडिओवर काय म्हणाला तर आमचं इंधन संपत आलंय, तेही दुसऱ्याच एका उत्तराच्या शेपटीला जोडून. ‘इमर्जन्सी’ हा शब्द एकदाही नाही! त्यामुळे कंट्रोलरनं नेहमीसारखंच वागवलं आणि विमान लाँग आयलंडवर पडलं, १५८ पैकी ७३ गेले. कॅप्टन पुन्हा विचारतो सांगितलंस का आणि हा म्हणतो हो सांगितलं, मला या घटनेतलं सगळ्यात भयंकर तेच वाटतं. सांगितलं होतं, पण तो शब्द न वापरता.

गोंयकार_पक्षी:
टेनेरीफ राहिलं की, स्पेनच्या त्या बेटावरच्या विमानतळावरचं. २७ मार्च १९७७, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर केएलएम (डच कंपनी) आणि पॅन अ‍ॅमची (अमेरिकन कंपनी) दोन जंबो, ५८३ मेले. केएलएमचा कोपायलट म्हणाला वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ. टॉवरला वाटलं उभे आहेत तयार, आणि विमान तर पळत सुटलेलं. टॉवर म्हणाला ओके, आणि मग थांबा, मी कळवतो. त्याच क्षणी पॅन अ‍ॅमवाले पण बोलले की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत, दोघांचे आवाज एकमेकांवर चढले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिट्टीसारखा आवाज ऐकू आला. नीट पोचलं ते फक्त ओके. फ्लाइट इंजिनियरनं विचारलं होतं हो, पॅन अ‍ॅम बाजूला झालं नाही का म्हणून, पण कॅप्टन कंपनीतल्या सगळ्यात ज्येष्ठ पायलटांपैकी एक, तो झालंय म्हणाला आणि विषय संपला.

सातारी_७९:
काका, खांद्यावरून वाकून बघायचं हे माहीतच नव्हतं. मी इतकी वर्षं इंग्रजीलाच शिव्या देत होतो. मग आता असं ऐकण्यात चुकलं तर पकडतात कसं?

रडारवाले_काका:
रीडबॅकनं. आम्ही उंची दिली की पायलटनं तीच परत म्हणून दाखवायची, नुसतं ओके किंवा रॉजर चालत नाही, आणि तो काय म्हणतोय ते आम्ही कान देऊन ऐकायचं. अवघड भाग हाच आहे कारण आपण जे बोललो तेच ऐकू येईल असं मन धरून बसतं, चुकीचा आकडा परत आला तरी कान तो बरोबरच ऐकतो. कारकिर्दीत एकदा माझ्याकडूनही असं निसटलं होतं, शेजारच्या खुर्चीवरच्यानं पकडलं, विमानं लांब होती म्हणून काही झालं नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि टेनेरीफनंतर ‘टेकऑफ’ हा शब्द खरी परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं.
बाबांना नमस्कार सांग. ती दोघं नंतर दम्मामला पोचली का रे?

सातारी_७९:
पोचली काका. एकजण अजून दिवाळीला फोन करतो बाबांना.