सोनेरी केस, उंच नाक, मोठा आवाज : जपानी ॲनिमेतला अमेरिकन

निळीशाई

'माय हीरो अकॅडेमिया' या जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिकेचे २०२४ साली आलेले सातवे पर्व अलीकडेच पाहिले, आणि त्यातील 'स्टार अँड स्ट्राइप' ही नायिका मनातून जाईना म्हणून हा धागा काढत आहे. अतिमानवी शक्तीच्या नायकांची ही कथा आहे, आणि त्यात ती अमेरिकेची पहिल्या क्रमांकाची नायिका आहे. देह धिप्पाड, नाव आणि पोशाख दोन्ही राष्ट्रध्वजावरून घेतलेले. वरिष्ठांचा आदेश मोडून ती लढाऊ विमानांच्या ताफ्यासह जपानच्या मदतीला येते, समुद्रावर लढते आणि मरते. ती लढाई उत्तम रंगवली आहे आणि तिचे मरण मनाला लागते. परंतु ती गेल्यावर माझ्या ध्यानात आले की ध्वजापलीकडे तिच्याविषयी मला फारच थोडे कळले होते, आणि जे कळले होते ते एका जपानी माणसाविषयीच होते, कारण लहानपणी तिला वाचवणाऱ्या ऑल माइटसारखे होणे हेच तिच्या आयुष्याचे सूत्र आहे.

हे एकाच मालिकेत घडले असते तर मी लिहिले नसते. 'पोकेमॉन' खेळातील विजेचे पोकेमॉन बाळगणारा सैनिक आपल्याकडे लेफ्टनंट सर्ज म्हणून ओळखला जातो. मूळ जपानी खेळात त्याचे बिरुदच 'विजेचा अमेरिकन' या अर्थाचे आहे, म्हणजे त्याचे राष्ट्रीयत्व हाच त्याचा स्वभाव. 'यु-गि-ओह'मधील कीथ डोक्याला अमेरिकन ध्वजाचे फडके बांधतो आणि पत्त्यांत लबाडी करतो. १९९४ च्या 'जी गंडम'मध्ये निओ अमेरिकेचा चिबोडी क्रॉकेट मुष्टियोद्धा आहे, आणि त्याच्या यंत्रमानवावर मुष्टियुद्धाचे हातमोजे, अमेरिकन फुटबॉलचे खांदे, लाटांवर स्वार होण्याची फळी आणि पिस्तुले असा सगळा बाजार एकाच वेळी चढवलेला आहे. २००९ च्या 'हेतालिया'त तर देशच पात्रे होऊन येतात, आणि तिथली अमेरिका चष्मा लावून हॅम्बर्गर खात 'मीच नायक' असे ओरडत फिरते.

भाषेचाही असाच साचा आहे. सातोशी किन्सुइ या जपानी भाषाशास्त्रज्ञांनी 'याकुवारिगो' म्हणजे 'भूमिकेची भाषा' ही संकल्पना मांडली. म्हातारा प्राध्यापक, खानदानी मुलगी, परदेशी माणूस यांच्या तोंडी कथांमध्ये एक ठरावीक बोली घातली जाते, मग प्रत्यक्षात तसे कोणी बोलत असो वा नसो. ॲनिमेतला अमेरिकन म्हणूनच तुटक जपानी बोलतो आणि मध्येच इंग्रजी उद्गार काढतो. या कलाप्रकारावर माझे मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच मला वाटते की ज्या देशाशी जपानचे इतके गुंतागुंतीचे नाते आहे त्या देशातील माणूस दाखवताना ॲनिमे फार स्वस्तात सुटते.

कातळशिल्प

निळीशाई, तुमची उदाहरणे खरी आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

आधी चित्रकलेची अडचण लक्षात घ्या. ॲनिमेमध्ये सोनेरी केस हे परदेशीपणाचे चिन्ह उरलेलेच नाही. 'सेलर मून'ची नायिका उसागी सोनेरी केसांची आहे आणि ती टोकियोतली शाळकरी जपानी मुलगी आहे. निळे डोळे, गुलाबी केस, हिरवे केस हे सगळे जपानी पात्रांना सर्रास असते आणि प्रेक्षक त्यांना जपानीच समजतात. मग ज्या चित्रशैलीत डोळ्यांच्या आणि केसांच्या रंगावरून माणूस कुठला हे कळू शकत नाही, तिथे चित्रकाराने परका माणूस दाखवायचा कसा? उंच नाक, दुभंगलेली हनुवटी, रुंद खांदे आणि मोठा आवाज ही चिन्हे त्या अडचणीतून आली आहेत. तुम्ही ज्याला उथळपणा म्हणता, तो बराचसा त्या शैलीच्या व्याकरणाचा भाग आहे.

दुसरे असे की चिन्ह ठळक असले म्हणून माणूस पोकळ ठरत नाही. चिबोडीचेच पाहा. लहानपणी सर्कशीत झालेल्या हल्ल्यात त्याची आई हरवली, म्हणून विदूषक दिसला की या आडदांड विजेत्याचे हातपाय गळतात. त्या यंत्रमानवावरचा बाजार तुम्हाला आठवला, पण ही भीती तुम्ही का वगळली? 'पोर्को रोस्सो' या १९९२ च्या चित्रपटातील डोनाल्ड कर्टिस हा अमेरिकन वैमानिक फुशारक्या मारतो आणि आधी हॉलिवूडमध्ये नट व्हायचे, मग राष्ट्राध्यक्ष व्हायचे असे सांगत सुटतो. नटाचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रीगन यांची कारकीर्द संपून तेव्हा ३ वर्षे झाली होती, त्यामुळे रोख कुणाकडे आहे हे उघड होते. तरीही दिग्दर्शक मियाझाकी यांनी त्याला खलनायक केलेले नाही. तो शूर आहे, पटकन प्रेमात पडतो आणि शेवटच्या ठोशाठोशीत नायकाच्या बरोबरीने मार खातो. त्याच्यावर चित्रकाराचा जीव आहे हे प्रत्येक चौकटीत दिसते.

आणि 'प्लॅनेटेस' तुम्ही पाहिली नसेल तर अवश्य पाहा. २००३ सालची ही मालिका २०७५ मध्ये अंतराळातील कचरा गोळा करणाऱ्या कामगारांची कथा सांगते. त्यांच्या यानाची प्रमुख फी कार्मायकल ही फ्लोरिडाची कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री आहे, घरी नवरा आणि मुलगा आहेत, आणि तिला सिगारेटचे जबरदस्त व्यसन आहे. दहशतवादी धूम्रपानाच्या खोल्या उडवत सुटतात आणि तिला दिवसभर एक झुरका मिळत नाही. अखेर कक्षेतला मोठा अपघात टाळण्यासाठी ती स्वतःचे यान धडकवते, तेव्हा त्या धाडसामागे कर्तव्य किती आणि हुकलेल्या सिगारेटचा संताप किती, हे सांगणे अवघड होते. तिच्या अंगावर कुठेही ध्वज नाही.

अडकित्ता

मला या चर्चेचे मूळच पटत नाही. अर्कचित्र दुबळ्याचे काढले तर त्याला इजा होते, बलवानाचे काढले तर होत नाही. आपल्या जुन्या नाटक-सिनेमांतला गोरा साहेब 'टुम' आणि 'हम' करीत बोलत असे, त्यावर प्रेक्षक पोट धरून हसत, आणि त्या हसण्यात राज्य केलेल्यांविषयीचा सल मोकळा होत असे. अमेरिकेकडे स्वतःचे चित्र रंगवायला हॉलिवूड आहे. जपानने तिला हॅम्बर्गर खाताना दाखवले तर कोणत्या अमेरिकन माणसाचे काय नुकसान होते, हे निळीशाई यांनी सांगावे.

दूरदेशी

मी २० वर्षांहून अधिक काळ न्यू जर्सीत राहते, माझी मुले इथेच शिकली आणि ॲनिमे पाहतच मोठी झाली, म्हणून अडकित्ता यांच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. 'बलवान अमेरिकन' म्हणताना आपण सगळे नकळत गोऱ्या माणसाचीच कल्पना करीत आहोत.

शोतारो इशिनोमोरी यांची 'सायबॉर्ग ००९' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९६४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यावर अनेकदा ॲनिमे झाले. वेगवेगळ्या देशांतील ९ माणसांना यंत्रमानव बनवले जाते आणि ती आपल्या निर्मात्यांविरुद्ध उभी राहतात. त्या काळी अशी जागतिक टोळी कल्पिणे हे मोठेच पाऊल होते. त्यात अमेरिकन दोन आहेत. जेट लिंक हा न्यू यॉर्कच्या गल्ल्यांतला उंच, लांब नाकाचा, तापट मुलगा. त्याचे अर्कचित्र कोणालाही लागणार नाही, हे मला मान्य आहे. दुसरा मूळनिवासी समाजातला आहे आणि त्याचे नाव जेरोनिमो ज्युनिअर, म्हणजे अपाची समाजाच्या इतिहासप्रसिद्ध लढवय्याचे नावच त्याला चिकटवलेले. चेहऱ्यावर रेघा, अफाट ताकद, बोलणे मोजके. ज्या समाजाच्या हाती हॉलिवूड कधीच नव्हते, त्याला अडकित्ता यांचा न्याय कसा लावायचा? त्याच गटातील आफ्रिकी पात्र पूर्वी जाड ओठांचे, जुन्या वर्णद्वेषी चित्रांच्या वळणाचे काढले जात असे, आणि २००१ च्या मालिकेत ते बदलले गेले. ज्यांनी बदल केला त्यांना त्यातील दोष दिसला होता.

मात्र मी निळीशाई यांच्याही पूर्ण बाजूने नाही. 'आयशील्ड २१'मध्ये पँथर नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू संघात सर्वांत वेगवान असूनही त्याचा प्रशिक्षक केवळ वर्णामुळे त्याला मैदानात उतरवत नाही, तरी पोरगा चेंडू उचलण्याची आणि साफसफाईची कामे आनंदाने करीत राहतो. मुलांसाठीच्या क्रीडामालिकेत हा प्रश्न इतक्या सरळपणे येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. माझा धाकटा तेव्हा ११ वर्षांचा होता. तो भाग संपल्यावर त्याने मला शाळेतल्या संघनिवडीविषयी जे सांगितले, ते त्याआधी कधीच सांगितले नव्हते.

पहाटवारा

सर्वांनी अमेरिकन पात्र 'कसे' दिसते याविषयी लिहिले. मला ते 'कुठे दिसत नाही' हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी मागे जावे लागेल.

१९४३ मध्ये जपानी नौदलाच्या आश्रयाने मित्सुयो सेओ यांनी मोमोतारोच्या लोककथेवर ३७ मिनिटांचा एक प्रचारपट केला. लोककथेतला मोमोतारो ओनींच्या, म्हणजे राक्षसांच्या बेटावर चढाई करतो. इथे ते बेट म्हणजे पर्ल हार्बर होते, आणि तिथल्या जहाजावर पॉपायच्या गोष्टींतील ब्लूटोसारखा एक लठ्ठ दारुडा खलाशी घाबरून पळत असतो. १९४५ च्या पुढच्या पटात, जो जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट मानला जातो, शरण येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या डोक्यावर शिंगे आहेत. 'किचिकु बेइ-एइ', म्हणजे 'राक्षसी, पशुवत अमेरिका-ब्रिटन', अशी त्या काळची घोषणाच होती.

मग पराभव झाला, १९५२ पर्यंत अमेरिकेचा लष्करी अंमल राहिला, आणि त्या अंमलात अणुबाँबविषयी उघडपणे लिहिण्यावरही निर्बंध होते. शिंगे गेली, पण त्यांच्या जागी लगेच माणूस आला नाही. इसाओ ताकाहाता ९ वर्षांचे असताना, २९ जून १९४५ रोजी, ओकायामावरील हवाई हल्ल्यातून वाचले. त्यांचा १९८८ चा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' कोबेवरील हल्ल्यांत होरपळलेल्या भावाबहिणीची कथा सांगतो. त्यात अमेरिका आहे ती बी-२९ विमानांच्या रूपाने, आकाशात. एकाही वैमानिकाचा चेहरा आपल्याला दिसत नाही. ज्याच्यावर बाँब पडतो त्याला वैमानिक दिसत नसतो, आणि ताकाहाता यांनी ते तसेच ठेवले. त्याला मी दोष देणार नाही, पण 'अमेरिकन पात्र' या विषयाची सुरुवात त्या रिकाम्या जागेपासून व्हायला हवी, असे मला वाटते.

आता दोन कलाकृती शेजारी ठेवून पाहा. दोन्हींचा काळ १९६६ आहे. 'ब्लड : द लास्ट व्हॅम्पायर' हा २००० सालचा पट टोकियोजवळच्या योकोता या अमेरिकन हवाई तळावर घडतो, जपानी पट असूनही त्यातील बरेचसे संवाद इंग्रजीत आहेत, आणि तळावरच्या शाळेतील मुलांमध्ये माणसांचे रक्त पिणारे जीव वेष बदलून वावरत आहेत. पार्श्वभूमीला व्हिएतनामचे युद्ध आहे. दुसरी कलाकृती म्हणजे २०१२ ची 'सकामिचि नो अपोलॉन', शिनिचिरो वातानाबे यांची. ती घडते ते सासेबो हे अमेरिकन नौदलतळाचे बंदर. तिथला सेंतारो हा अमेरिकन सैनिकाचा आणि जपानी स्त्रीचा मुलगा, दिसण्यामुळे लहानपणापासून हिणवला गेलेला, आणि ड्रम वाजवताना मात्र कुणाचेही न ऐकणारा. एका दारूगुत्त्यात दारू प्यायलेला गोरा अमेरिकन 'काळ्यांचे संगीत बंद करा' म्हणून ओरडतो, आणि ज्या पोराच्या शरीरात अर्धी अमेरिका आहे तोच सर्वांत आधी भडकतो. निळीशाई, तुम्ही शोधत असलेला अमेरिकन तिथे आहे. तो बाप म्हणून येऊन गेला आणि एका मुलाच्या चेहऱ्यात राहिला.

निळीशाई

पहाटवारा यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. सेंतारोला मी आजवर 'जपानी पात्र' म्हणूनच मोजत आलो होतो, ही माझी मोठी चूक झाली. चिबोडीच्या बाबतीतही कातळशिल्प यांनी मला बरोबर पकडले.

तरीही एक मुद्दा मी सोडणार नाही. ऑल माइटकडे पुन्हा पाहा. तो जपानी आहे, त्याचे खरे नाव तोशिनोरी यागी, परंतु त्याची सारी रेखाटनशैली अमेरिकन कॉमिक्सची आहे आणि त्याच्या ठोशांना डेट्रॉइट, टेक्सास अशी नावे आहेत. अखेरच्या ठोशाला तर संपूर्ण अमेरिकेचेच नाव आहे. म्हणजे जपानने अमेरिकन नायकाची कल्पना उचलली, तिला जपानी माणसाचे शरीर दिले, आणि मग खरीखुरी अमेरिकन नायिका आणली ती त्या जपानी माणसाची चाहती म्हणून. 'गंडम ००'मधला अमेरिकन वैमानिक ग्रॅहम एकर दुसऱ्या पर्वात मुखवटा चढवून 'मिस्टर बुशिदो' (बुशिदो म्हणजे सामुराईंची आचारसंहिता) म्हणून येतो, तेव्हाही हेच घडते. अमेरिकन माणसाला थोरवी हवी असेल तर त्याने आधी जपानचा चाहता व्हावे, असा हा अलिखित करार मला खटकतो. ही तक्रार नाकाच्या उंचीविषयीची नाही, त्यामुळे चित्रशैलीचे व्याकरण तिला उत्तर देऊ शकत नाही.

याच्या उलट 'डिटेक्टिव्ह कोनान'मधील जोडी नावाची अमेरिकन बाई मला फार आवडते. ती शाळेत इंग्रजी शिकवते, अडखळत्या, इंग्रजी हेलाच्या जपानीत बोलते आणि मुलांत मिसळते. पुढे ती एफबीआयची अधिकारी असल्याचे उघड होते आणि त्याच क्षणी तिचे जपानी अस्खलित होते. सर्वांना अमेरिकन बाई जशी अपेक्षित होती तशी ती वागत होती, म्हणूनच तिच्यावर कोणी संशय घेतला नाही. किन्सुइ यांच्या 'भूमिकेच्या भाषे'चा इतका नेमका उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

कातळशिल्प

जोडीचे उदाहरण तुम्ही दिलेत, पण ते माझ्याच बाजूचे आहे. साच्याशी असे खेळायचे तर साचा प्रेक्षकाच्या ओळखीचा असावाच लागतो. ग्रॅहम एकरविषयी मात्र मी तुमच्याशी सहमत आहे.

तुमच्या करारालाही अपवाद आहे. 'स्पेस ब्रदर्स' ही ९९ भागांची मालिका २०१२ ते २०१४ या काळात आली आणि तिचा मोठा भाग अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाच्या ह्यूस्टनमध्ये घडतो. तिथे विन्सेंट बोल्ड हा प्रशिक्षक आहे, वेळ वाया गेलेला न खपणारा. डेनिल यंग हा म्हातारा, जाडजूड विमानशिक्षक आहे, ज्याला इतर कोणी फारसे गंभीरपणे घेत नाही. दोघांनाही जपानचे विशेष आकर्षण नाही. त्यांच्यापुढे मुत्ता हा एक जपानी उमेदवार आला आहे, त्याला विमान नीट चालवता आले पाहिजे आणि अवकाशात जिवंत राहता आले पाहिजे, एवढेच त्यांना पाहायचे आहे. मुत्ता त्यांच्याकडून शिकतो, कधी चिडतो, कधी त्यांना चकित करतो. ह्यूस्टनच्या भागांपासून पाहायला सुरुवात करा आणि डेनिलच्या विमानातला पहिला प्रसंग पाहून झाल्यावर इथे पुन्हा लिहा.