जखमी हवालदारासाठी वर्गणी काढायची आहे, हिशोब कसा ठेवावा?

चौकातलं मेडिकल

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर माझं मेडिकलचं दुकान आहे. आमच्या चौकात कित्येक वर्षं ड्यूटी केलेले एक पोलीस हवालदार मागच्या महिन्यात रात्रीच्या नाकाबंदीत जखमी झाले. पिकअपवाल्याने बॅरिकेड उडवून त्यांना धडक दिली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, कमरेच्या हाडालाही मार आहे. ऑपरेशन झालं, अजून एक व्हायचंय. त्यांचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

"सरकार बघेल की" असं बरेच जण म्हणतात. सरकार बघतंय, हे खरं आहे. महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना २००५ पासून आहे आणि यादीतल्या हॉस्पिटलात कॅशलेस होतं. पण अपघात झाला रात्री दोनच्या सुमारास. जीव वाचवायला जवळ होतं तिथे नेलं आणि ते हॉस्पिटल यादीत नाही. म्हणजे बिल आधी घरच्यांनी भरायचं, मग प्रतिपूर्तीसाठी ऑफिसात प्रकरण टाकायचं आणि मंजुरीची वाट बघायची. शिवाय कुठल्याच योजनेत न बसणारा खर्च मला काउंटरवरून रोज दिसतो. एअर बेडचं भाडं, ड्रेसिंगचं सामान, रात्रीच्या मदतनीसाचे रोजचे आठशे रुपये, आणि तपासणीला पुण्याला न्यायचं तर आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी.

परवा त्यांच्या मिसेस आल्या होत्या. हातात प्लॅस्टिकची फाइल, त्यात बिलं तारखेप्रमाणे लावलेली. म्हणाल्या, "ताई, बिलावर पेशंटचं पूर्ण नाव टाका आणि शिक्का स्पष्ट उमटू दे, नाहीतर ऑफिसातून परत येतं." जुन्या तीन बिलांवरचा शिक्का पुसट होता, तो मी पुन्हा मारून दिला. पैशाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. जाताना मुलासाठी खोकल्याचं औषध घेतलं आणि त्याचे पैसे वेगळे दिले, ते बिल फाइलीत घातलं नाही.

तर चौकातल्या आम्ही काही दुकानदारांनी निधी उभा करायचं ठरवलं आणि खजिनदार म्हणून माझं नाव पुढे आलं. आम्ही सुरू करायच्या आधीच व्हॉट्सॲपवर तीन वेगवेगळे क्यूआर कोड फिरायला लागलेत. एकावर पोलिसांचं बोधचिन्ह आहे, एकावर आयसीयूतला त्यांचा फोटो. घरच्यांना विचारलं तर त्यातला एकच त्यांच्या भाच्याचा निघाला, बाकी दोन कुणाचे ते कुणालाच माहीत नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. "पोलिसांसाठी वर्गणी" म्हटलं की बाजारपेठेत कुणी प्रश्न विचारत नाही. दुकानदार गल्ल्यातून पाचशेची नोट काढतो, पावतीही मागत नाही. कुणी मायेने देतो, कुणी उद्या दुकानासमोरची गाडी उचलायला नको म्हणून देतो. देणारा तोंड उघडत नाही, म्हणून घेणाऱ्याला हिशोब द्यायची गरज वाटत नाही. हा माणूस भर पावसात शाळा सुटायच्या वेळेला रस्त्याच्या मधोमध उभा राहून मुलं पलीकडे सोडायचा. त्याच्यासाठी भीतीपोटी आलेला एकही रुपया मला नको, आणि आलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशोब न मागता लोकांसमोर यायला हवा.

खातं कुणाच्या नावावर उघडू? पोलीस ठाण्यातूनच गोळा करावं असं काही जण सुचवतात, ते योग्य आहे का? देणाऱ्यांची नावं लावायची का? खर्चाचा तपशील कुठवर उघड करायचा? आणि पैसे उरले तर त्यांचं काय? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जमाखर्च

ताई, सहकारी बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर दोन ट्रस्टचे हिशोब बघतो, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, पोलीस ठाण्याला यातून बाहेर ठेवा. सरकारी कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय लोकांकडून वर्गणी मागता येत नाही, वर्तणूक नियमांत तसं आहे. त्यांचा स्वतःचा पोलीस कल्याण निधी असतो, त्यातून त्यांना द्यायचं ते ते देतील. तुमच्याबरोबर वर्दीतला माणूस पेटी घेऊन फिरला, तर तुम्ही म्हणता ती भीती आणखी वाढेल.

दुसरी गोष्ट परवानगीची. लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. नोंदणी नसलेली गणेश मंडळं दरवर्षी घेतात ती हीच परवानगी. अर्ज ऑनलाइन करता येतो. नंतर हिशोबही सादर करावा लागतो, आणि ते तुमच्या फायद्याचंच आहे. परवानगीचा क्रमांक पावतीवर छापा. त्या तीन क्यूआर कोडपेक्षा तुमचं काम वेगळं आहे, हे तेवढ्यानेच कळेल.

आता खातं. तुमच्या दुकानाच्या खात्यात एक रुपयाही घेऊ नका. वेगळं खातं उघडा आणि बँकेत स्पष्ट सांगा की दोघांच्या सह्या असल्याशिवाय पैसे निघायला नकोत. सह्या करणारे दोघे एकाच घरातले किंवा भागीदार नसावेत. हॉस्पिटलचे पैसे पेशंटचा नोंदणी क्रमांक घालून थेट हॉस्पिटलच्या नावाने द्या.

सगळी रक्कम सरळ कुटुंबाच्या खात्यावर टाकावी असं वाटेल, पण तिथे आयकर आडवा येतो. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली की फक्त वरचीच नव्हे, सगळीच करपात्र उत्पन्न धरली जाते. कोविडच्या उपचारांसाठी मिळालेल्या मदतीला सूट दिली होती, ती अपघाताला लागू नाही. आयकर खात्याकडे नोंदणी असलेल्या धर्मादाय ट्रस्टकडून मिळालेली मदत मात्र या नियमातून वगळलेली आहे. म्हणून गावात वैद्यकीय मदत हा उद्देश असलेला जुना, विश्वासाचा ट्रस्ट असेल तर त्यांच्यामार्फत करा. त्यांच्याकडे ८० जी म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता असेल तर जुन्या करप्रणालीतल्या देणगीदारांनाही सवलत मिळते, फक्त २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला मिळत नाही. सुरू करण्याआधी एकदा सीएंकडे बसाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. त्या फाइलीतली बिलं प्रतिपूर्तीला जाणार आहेत. तेच बिल तुमच्या निधीतून भरलं आणि सहा महिन्यांनी ऑफिसकडूनही त्याचे पैसे आले, तर एका खर्चाचे दोनदा पैसे झाले. घरच्यांचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी गावात बोलणाऱ्यांचं तोंड धरता येत नाही. त्यामुळे आधीच लिहून ठेवा: प्रतिपूर्ती होऊ शकते त्या बिलांना निधीतून उचल द्यायची आणि मंजुरी आली की ती रक्कम निधीत परत जमा करायची. बाकीचा खर्च, म्हणजे मदतनीस, गाडी, एअर बेड, तो पूर्णपणे निधीचा. या दोन्हींसाठी वहीत वेगवेगळी पानं ठेवा.

लाइनीतली वहिनी

नागपूरहून लिहिते. आमचे हे गडचिरोलीत ड्यूटीवर असताना जखमी झाले होते, पायाला. आज चालतात, पण कॅलिपर लावून.

१ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला नक्षलवाद्यांनी केलेल्या स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा ड्रायव्हर गेला. तेव्हा अख्खा महाराष्ट्र हळहळला, आणि हळहळायलाच पाहिजे होतं. केंद्रीय दलातल्या शहीद जवानांच्या घरच्यांसाठी 'भारत के वीर' २०१७ मध्ये सुरू झालं. तिथे एकेका कुटुंबाला १५ लाखांची मर्यादा आहे आणि पैसा थेट वारसाच्या खात्यात जातो, ही पद्धत मला फार आवडते. पण जो वाचला, त्याचं काय? त्याला हार पडत नाही आणि त्याचा खर्च संपत नाही. २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिनाला परेड होते, नावं वाचतात. जखमींची यादी कुणी वाचत नाही.

म्हणून ताई, तुम्ही हे करताय ते वाचून फार बरं वाटलं. दोनच गोष्टी सांगते.

एक, पैसा एकदम देऊ नका. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात लोकं पाकिटं घेऊन आले, तेव्हा माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं, कुठं काय खर्च झालं ते आठवतही नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात फिजिओ चालू होता आणि बुटाचं माप घ्यायचं होतं, तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. महिन्याला ठरावीक रक्कम द्या, आणि एक भाग शेवटच्या महिन्यांसाठी बाजूला ठेवा. विशेष विकलांगता रजेचा अर्ज झाला का तेही वहिनींना विचारा, ड्यूटीवर जखमी झालेल्याला ती मिळू शकते. घाईत कुणी सांगतच नाही.

दुसरं, तो आयसीयूतला फोटो व्हॉट्सॲपवरून काढून टाकायला लावा. आमच्या मुलाने वडिलांचा नळ्या लावलेला फोटो शाळेत दुसऱ्या पोराच्या मोबाइलवर पाहिला. हिशोबात रक्कम दाखवा, दुखणं दाखवू नका. 'वैद्यकीय साहित्य, इतके रुपये' एवढंच लोकांना पुरे. कोणती पिशवी, कोणता पट्टा, हे गावाला कशाला पाहिजे? मूळ बिलं दोघा-तिघा भरवशाच्या माणसांनी तपासावी आणि सही करावी. माझा नवरा वर्दीतला माणूस आहे, त्याला गावासमोर बिचारा करू नका.

चौकातलं मेडिकल

वहिनी, तुमचं लिहिणं वाचून दुकानात बसल्या बसल्या डोळे भरून आले. फोटो आजच काढून टाकायला सांगते. आमच्या गटातून तो निघेल, बाकीच्या गटांत एकेकाला फोन करावा लागेल, तेही करीन. भाच्याला त्याचा क्यूआर बंद करायला सांगितलंय, आलेली रक्कम तो बँकेच्या स्टेटमेंटसह देणार आहे. उरलेल्या दोन कोडची तक्रार घरच्यांनी सायबरकडे करायची ठरवलीय.

बिलं तपासायला हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक आणि शेजारच्या कापड दुकानाचे मालक तयार आहेत. देणगीदारांच्या यादीबद्दल मात्र आमच्यात दोन मतं पडलीत. काही जण म्हणतात, नावं आणि आकडे फलकावर लावू, म्हणजे बाकीचेही देतील.

एडिसनकर

फलक लावू नका. नावांची यादी लागली की न देणाऱ्यांचीही यादी आपोआप तयार होते. पावती क्रमांक आणि रक्कम लावा. ज्याच्याकडे पावती आहे तो आपला आकडा शोधून पाहू शकतो.

मी न्यू जर्सीत राहतो. इथे पोलिसांच्या नावाने फोनवर देणगी मागणं हा जुना धंदा आहे. २००९ च्या मे महिन्यात फेडरल ट्रेड कमिशनने बहुतेक सगळ्या राज्यांना बरोबर घेऊन पोलीस, अग्निशमन दल आणि माजी सैनिक यांच्या नावाने पैसे उकळणाऱ्यांवर कारवाई केली होती. त्याआधी २००३ मध्ये इलिनॉयचं एक प्रकरण इथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्यात माजी सैनिकांसाठी फोनवरून निधी गोळा करणारी कंपनी डॉलरमागे ८५ सेंट स्वतःकडे ठेवत होती. तुम्ही ऑनलाइन निधी उभारणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर जाणार असाल तर शुल्क किती कापतात ते आधी पाहा, आणि 'गोळा करण्याचा खर्च' ही ओळ हिशोबात सगळ्यात वर लिहा. शून्य असला तरी लिहा. तुमच्या परवानगीचा क्रमांक आला की इथे टाका, मला आणि इथल्या काही मित्रांना पैसे पाठवायचे आहेत.

जमाखर्च

एडिसनकर, भावना समजली, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे पैसे परकीय अंशदान कायद्यात येतात आणि त्यासाठी संस्थेला वेगळी नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी आपल्या इथल्या खात्यातून पाठवायला हरकत नाही. ताई, हे खजिनदाराने आधीच विचारून घ्यावं.

उरलेल्या पैशाचं राहिलं होतं. ते नंतर ठरवायचं नसतं, पावतीच्या मागे आजच छापा. उदाहरणार्थ, "पूर्ण बरे होऊन ड्यूटीवर रुजू झाल्यावर शिल्लक राहिल्यास ती तालुक्यातल्या इतर जखमी पोलीस किंवा होमगार्डच्या उपचारांसाठी वापरली जाईल." होमगार्डचा उल्लेख जरूर करा, नाकाबंदीत तेही शेजारीच उभे असतात.

आणि घरच्यांना मोटार अपघात दाव्याची आठवण करून द्या. पिकअपच्या विम्यावर नुकसानभरपाईचा दावा पोलीस कर्मचाऱ्यालाही करता येतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे वकील लवकर गाठावा. मोठी रक्कम तिथूनच येईल, तुमचा निधी तोवरच्या दिवसांसाठी. एफआयआर, पंचनामा आणि डिस्चार्ज कार्डच्या झेरॉक्स त्या प्लॅस्टिकच्या फाइलीत वेगळ्या कप्प्यात लावून द्या.