ओएसटी (अफूजन्य नशेऐवजी औषध देणाऱ्या) केंद्रावर येणाऱ्यांकडून खरा अभिप्राय कसा घ्यावा?

प्रश्न (तुर्भे): सुया-सिरिंज वाटप आणि बुप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधाची रोजची गोळी, अशा केंद्रासाठी अभिप्राय गोळा करायचा आहे. फॉर्मवर सगळे ‘चांगलं आहे’ लिहून मोकळे होतात, तक्रारपेटी रिकामीच. काय करावं?

उत्तर (कळवा): विचारतंय कोण, ते आधी बघा. जिच्या हातून गोळी मिळते त्या सिस्टरसमोर तिचीच तक्रार कोण करेल? उद्याची गोळी अडेल ही धास्ती असते. दुसऱ्या केंद्राचे पिअर एज्युकेटर (स्वतः नशेतून गेलेले कार्यकर्ते) बोलवा. गोळीआधी विचारू नका. माणूस टर्कीत (नशा न मिळाल्याच्या त्रासात) असतो, नाक गळतंय, अंग मोडून आलंय, सुटका व्हावी म्हणून कशालाही हो म्हणेल. गोळी जिभेखाली विरघळायला ५ ते १० मिनिटं लागतात, तेव्हा तर तोंड उघडायला लावूच नका. बोलता बोलता ती थुंकीबरोबर गिळली जाते आणि पोटात गेलेलं औषध फारसं लागू पडत नाही. पाऊण तासाने चहा देऊन निवांत बसवा.

उत्तर (वाशी): ‘समाधानी आहात का’ याला ‘हो’च येणार. ‘गेल्या आठवड्यात गोळी कुठल्या दिवशी चुकली, कशामुळे?’, ‘इथल्या सुईचा गेज (जाडी) चालतो की मेडिकलमधून दुसरी घेता?’ असं विचारा. एपीएमसीत रात्रभर माल उतरवणारा हमाल सकाळी झोपलेला असतो, केंद्राची वेळ त्याला जमत नाही हे अशाच प्रश्नातून कळतं. नशेचा माल कुठून घेता हे मात्र चुकूनही विचारू नका. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम २७ खाली सेवन हाही गुन्हा आहे. कागद उद्या कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. नाव, नोंदणी क्रमांक, रेकॉर्डिंग काहीही नको. संमती तोंडी घ्या.

उत्तर (मुंब्रा): जे रोज येतात त्यांच्यापेक्षा जे यायचे बंद झाले ते जास्त सांगतील. रजिस्टरमधून महिनाभर न आलेल्यांची यादी काढून आउटरीच वर्करला (वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्याला) त्यांच्या अड्ड्यावर पाठवा. पण तिथे चौघांत केंद्राचं नाव काढू नये. बायकांशी वेगळं, बाई कार्यकर्तीनेच बोलावं. पुरुषांनी भरलेल्या खोलीत त्या फिरकतही नाहीत. भाडं आणि जेवणाचे पैसे रोख द्या, रक्कम आधी सांगा, आणि कोणी कितीही वाईट बोललं तरी तेवढेच द्या. दोन-तीन आठवड्यांत भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, काय बदललं आणि काय नाही. वाचता न येणाऱ्यांना पिअरने सांगावं. ‘गोळी घरी का देत नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. ते केंद्राच्या हातात नसेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी बसणार नाही.