अंटार्क्टिकात नमुने घेताना निघणारी टाकाऊ रसायने परत कशी आणावीत?

प्रश्न : शैवाल_अभ्यासक, वास्को

नमस्कार. मी गोड्या पाण्यातील सूक्ष्म शैवालांवर संशोधन करते. येत्या उन्हाळी मोहिमेत अंटार्क्टिकातील भारताच्या भारती संशोधन केंद्राच्या परिसरात, म्हणजे लार्समन टेकड्यांमधील सरोवरांवर, नमुने घ्यायला मी पहिल्यांदाच जाणार आहे. शैवाल टिकवण्यासाठी ल्युगॉलचे आयोडीन, हरितद्रव्य वेगळे करण्यासाठी ॲसिटोन आणि विरघळलेल्या कार्बनच्या नमुन्यांसाठी मर्क्युरिक क्लोराइड (पाऱ्याचे संयुग) ही रसायने माझ्या यादीत आहेत. शिवाय सरोवराकाठच्या नोंदयंत्रासाठी शिसे-आम्लाची बॅटरी आणि लहान जनित्रासाठी इंधन लागेल. प्रयोगशाळेत टाकाऊ द्रावण ठरलेल्या कॅनमध्ये ओतले की आमची जबाबदारी संपते. तंबूत, थंडीत आणि वाऱ्यात हे कसे सांभाळावे? अगदी थोडे, पातळ केलेले द्रावण खडकाळ जमिनीवर सोडले तर खरोखर काही बिघडते का?

उत्तर : दोन_उन्हाळे

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो मलाही पडला होता. बिघडते. त्या सरोवरांच्या पाण्यात पोषकद्रव्ये इतकी कमी असतात की बाहेरून आलेली थोडीशी भरही तिथल्या शैवालांना जाणवते, आणि थंडीमुळे रसायनांचे विघटन आपल्या सवयीपेक्षा कितीतरी संथ गतीने होते. ज्या शैवालांचा अभ्यास करायला आपण इतक्या दूर जाणार आहात, त्यांच्याच पाण्यात आपले आयोडीन मिसळणार असेल, तर पुढच्या वर्षीच्या नमुन्यांवर विश्वास तरी कसा ठेवायचा?

बाटल्या काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, त्यामुळे टाकाऊ द्रावणाच्या बाटलीत वर भरपूर रिकामी जागा हवी. शिवाय ती बाटली न गळणाऱ्या दुसऱ्या डब्यात ठेवलेली असावी. ॲसिटोन कोणत्याही आम्लापासून किंवा ऑक्सिडीकारक रसायनापासून वेगळे ठेवा आणि ल्युगॉल अमोनियाच्या जवळ जाऊ देऊ नका. प्रत्येक बाटलीवर आत काय आहे, किती आहे आणि ती कोणत्या दिवशी भरली हे पेन्सिलीने लिहून वर पारदर्शक पट्टी चिकटवा, कारण ॲसिटोनचा एक थेंब उडाला तरी शाईची अक्षरे पुसली जातात. नाव नसलेली बाटली घ्यायला जहाजावर कोणी तयार होत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही.

बॅटरीबद्दल थोडे सविस्तर सांगतो. पूर्ण भारित बॅटरीतले आम्ल उणे 50 अंशांनाही गोठत नाही, पण बॅटरी उतरली की आतले द्रावण जवळपास पाण्यासारखे होते आणि उणे 10 अंशांच्या आसपासच गोठून कवच तडकवते. आमच्या गटाने एकदा नोंदयंत्र हिवाळाभर तिथेच ठेवले. सौरपट्टी बर्फाखाली गेली, बॅटरी उतरली, आणि पुढच्या उन्हाळ्यात पेटी उघडली तेव्हा तळाशी आम्ल साचलेले होते. पेटीखालचे खडे उचलून, पिशव्यांत भरून आम्ही ते जहाजावर चढवले. ती पेटी आतून आम्लरोधक असती तर एवढा व्याप झाला नसता. इंधन ओततानाही जनित्राखाली परात आणि शोषक चटई असू द्या, आणि नरसाळ्याशिवाय कधीही ओतू नका.

उत्तर : नियम_वाचक

नियमांची बाजूही लक्षात घ्यावी. माद्रिद येथे 1991 मध्ये स्वीकारलेला आणि 1998 पासून लागू असलेला पर्यावरण संरक्षणाचा करार आहे. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार बॅटऱ्या, द्रव व घन इंधन, जड धातूंचे घातक प्रमाण असलेला कचरा आणि इंधनाची पिंपे हे सर्व ज्याने निर्माण केले त्यानेच तिथून बाहेर नेले पाहिजे. लार्समन टेकड्यांना 2007 पासून विशेष व्यवस्थापन क्षेत्राचा दर्जा असल्याने त्या क्षेत्राचा आराखडाही वाचावा. एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: पॅकिंगसाठी वापरतात ते थर्मोकोलचे मणी अंटार्क्टिकात नेण्यासच मनाई आहे. काचेच्या बाटल्या बांधणाऱ्याला हे आधीच लेखी कळवा, कारण खोके वास्कोत बंद झाले की ते तिथे पोहोचेपर्यंत कोणी उघडत नाही.

शैवाल_अभ्यासक

आपणा दोघांचीही आभारी आहे. पाऱ्याबद्दल मात्र शंका राहिली. ते द्रावण नमुन्याच्या बाटलीतच असते, मग त्याला कचरा म्हणायचे का?

उत्तर : रसायन_प्रयोगशाळा

मोजमाप होईपर्यंत तो नमुना असतो, त्यानंतर तो पाऱ्याचा कचरा होतो. 250 मिलिलिटरच्या बाटलीत संपृक्त द्रावण 0.05 मिलिलिटरच घालावे लागते, तरी शंभर बाटल्या झाल्या की 25 लिटर पारायुक्त पाणी आपल्याच शीतगृहात उभे राहते आणि त्याची विल्हेवाट गोव्यात लावावी लागते. मार्गदर्शकांशी बोलून दोन गोष्टी तपासा: केंद्रावरच लगेच मोजता येईल का, आणि 0.2 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून अंधारात थंड ठेवलेला नमुना आपल्या कामाला पुरेसा अचूक आहे का. दुसरा पर्याय जमणार असेल, तर इथल्याच एखाद्या तळ्याच्या पाण्यावर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी करून पाहा. फरक आपल्या मर्यादेत आला, तर मर्क्युरिक क्लोराइड यादीतून काढून टाका. पारा न्यावाच लागला, तर कोरडी भुकटी नेऊ नका. इथेच तयार केलेले, मोजून घेतलेले द्रावण न्या, आणि उरलेल्या द्रावणासाठी परतीच्या खोक्यात जागा आत्ताच राखून ठेवा.